न आलेल्या काळाची सत्ता

भविष्यकाळ म्हणजे जो अजून आलेला नाही तो काळ, ही व्याख्या शाळेतल्या व्याकरणापासून आपल्या परिचयाची आहे. तिच्यात दडलेली अडचण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जे आलेले नाही ते नाही. आणि जे मुळातच नाही, त्याने जे आहे त्याच्यावर सत्ता कशी चालवावी? तरीही ती चालते, हे तर आपण रोज पाहतो. उद्या सकाळी डॉक्टरांकडून तपासणीचा निकाल यावयाचा असेल, तर आज संध्याकाळच्या चहाला चव राहत नाही. चहा तोच, साखर तितकीच, प्रकृतीतही कालपासून तिळमात्र फरक नाही. फरक पडला आहे तो उद्यामुळे, आणि उद्या तर अजून उजाडलेला नाही. पेरणी, विम्याचा हप्ता, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेली रक्कम, निवडणुकीतला जाहीरनामा, गाभण म्हशीला बाजारात येणारा चढा भाव, ह्या साऱ्यांचा आधार एकच, आणि तो असा की ज्याला आज अस्तित्व नाही.

तत्त्वज्ञांनी ह्या कोड्याचा विचार मुख्यतः दोन अंगांनी केला आहे. भविष्याला अस्तित्व आहे काय, आणि असल्यास कोणत्या प्रकारचे, हा एक प्रश्न. पुढे येणाऱ्या माणसांचे आपण काही देणे लागतो काय, हा दुसरा. पहिला फार जुना, दुसरा त्या मानाने अलीकडचा. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न उभा आहे आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या आजच्या कामाला जो अर्थ वाटतो, त्यातला कितीसा भाग भविष्याकडून उसना घेतलेला असतो? आपल्याला जायचे आहे ते ह्या प्रश्नापाशी. पण तिकडची वाट पहिल्या प्रश्नाच्या अंगणातून जाते.

आपल्याकडील दर्शनकारांनी त्या अंगणात पुष्कळ वादंग केले आहेत. कुंभाराच्या चाकावर माती आहे, घडा अजून व्हायचा आहे. सांख्य म्हणतात, घडा मातीत अव्यक्त रूपाने आहेच, तो फक्त प्रकट व्हावयाचा आहे. नैयायिकांना हे मान्य नाही. घडा नाहीच, ते म्हणतात. पण हे 'नसणे' सुद्धा एक पदार्थ आहे, त्याचे नाव प्रागभाव. ह्या प्रागभावाची गंमत अशी की त्याला आरंभ नाही पण शेवट आहे. घडा अनादी काळापासून नव्हता, आणि ज्या क्षणी तो घडला त्या क्षणी त्याचे ते नसणे संपले. भविष्याला नुसते शून्य न म्हणता 'अमुक एका गोष्टीचे अजून नसणे' असा आकार देण्याची ही युक्ती वरवर वाटते तितकी पोकळ नाही. ज्याचे मूल परगावाहून यावयाचे आहे त्या आईला घरातले नसणे किती ठसठशीत असते, हे कोणाला सांगावयास नको.

बौद्धांमध्ये तर ह्याच मुद्द्यावर पंथच्या पंथ वेगळे झाले. सर्वास्तिवादी हे नावच मुळी 'सर्व आहे', म्हणजे भूत आणि भविष्यही आहे, ह्या मतावरून पडले. त्यांचा एक युक्तिवाद साधा आणि बिनतोड वाटणारा आहे. ज्ञानाला विषय लागतो. आपण उद्याच्या गोष्टी जाणतो, इच्छितो, भितो. अर्थात उद्याच्या गोष्टी कोठेतरी असल्या पाहिजेत. वसुबंधूने अभिधर्मकोशात त्यांच्या चार आचार्यांची मते नोंदवली आहेत. त्यांपैकी वसुमित्राचा दृष्टान्त मला फार आवडतो. हिशेबाची एकच गोटी एकंच्या घरात टाकली तर एक होते, शतंच्या घरात टाकली तर शंभर होते. गोटी तीच, घर बदलले. तसे वस्तूचे स्वरूप तेच, ती आपले कार्य करण्यापूर्वी भावी, करीत असता वर्तमान, करून झाल्यावर भूत. वसुबंधूने हे मत खोडून काढले. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, उद्याची गोष्ट आपल्या मनात 'आहे' अशी येत नाही, 'होईल' अशी येते. आणि ती जशी मनात येते तशीच तिची योग्यता. मला वसुबंधूचे म्हणणे पटते. परंतु मग 'होईल' ह्या एका क्रियापदात एवढे बळ कोठून येते, हा प्रश्न शिल्लक उरतोच.

ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलने हीच गोष्ट आरमारी लढाईच्या उदाहरणाने मांडली. उद्या लढाई होईल, असे कोणी आज म्हणाला. हे विधान आजच खरे असेल तर लढाई टळणे अशक्य, आणि आजच खोटे असेल तर ती होणे अशक्य. मग सेनापतींनी खलबते करायची ती कशासाठी? ह्यातून सुटण्यासाठी त्याने असे ठरविले की, 'उद्या लढाई होईल किंवा होणार नाही' हे समग्र विधान आज खरे आहे, परंतु त्याची एक बाजू सुटी काढून ती आजच खरी ठरली असे म्हणता येत नाही. खलबतांना जागा राहावी एवढ्यासाठी ह्या तर्कशास्त्राच्या जनकाने तर्काच्या कडक नियमाला मुरड घातली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या घरांत ही मुरड आपोआप पडते. सहाव्या रात्री सटवी बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवणारे कुटुंब त्याच आठवड्यात बाळाच्या नावाने पोस्टात खातेही उघडते. ह्याला विसंगती म्हणून हसण्यापूर्वी योगवासिष्ठाचे मुमुक्षुप्रकरण पाहावे. पूर्वीचा पुरुषार्थ तेच दैव, दुसरे दैव नाही, असे तेथे पुनःपुन्हा बजावले आहे. ललाटावरचा लेख पुसता येत नसेल. पण त्याच्याखाली आपला मजकूर लिहिण्यास मनाई नाही.

आता 'होईल' ह्या क्रियापदाच्या बळाकडे वळू. चवथ्या शतकाच्या अखेरीस सेंट ऑगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथाच्या अकराव्या भागात एक उत्तर दिले. भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ नाहीत. भूताचा वर्तमान म्हणजे स्मृती, वर्तमानाचा वर्तमान म्हणजे अवधान, आणि भविष्याचा वर्तमान म्हणजे अपेक्षा, असे तिन्ही मनातच आहेत. तो पाठ असलेले स्तोत्र म्हणण्याचा दाखला देतो. आरंभी सारे स्तोत्र अपेक्षेत असते. म्हणत जावे तशी अपेक्षा आखूड होते आणि स्मृती लांबते.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला ह्याहून जवळचा दाखला मिळण्यासारखा आहे. विलंबित एकतालात ख्याल चाललेला असतो. आवर्तन इतके संथ की कधीकधी ते मिनिटभर पुरते. गवई स्वरांची बढत करीत असतो, आणि जाणत्या श्रोत्याच्या कानात सम आधीपासून वाजत असते. ती अजून आलेली नसते, तरी गवई घेत असलेली प्रत्येक हरकत त्या न आलेल्या समेच्या ओढीनेच सार्थ होते. तो दूर गेला की आपण दचकतो, जवळ आला की मान वर उचलली जाते, आणि समेवर साऱ्या सभेची मान एकदम पडते. अगदी अनभिज्ञ माणसाच्या कानी पडणारे स्वर तेच असतात. पण त्याच्यापुढे सम नसल्यामुळे त्याला स्वर ऐकू येतात, गाणे ऐकू येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लने 1905 च्या सुमाराच्या आपल्या व्याख्यानांत सुरावटीचेच उदाहरण घेऊन हा सिद्धान्त मांडला की, कोणताही अनुभव एका टोकदार क्षणाचा नसतो. नुकतेच सरलेले आणि आता येऊ घातलेले ह्या दोहोंचे काठ धरूनच तो उभा राहतो. त्याचा शिष्य हायडेगर ह्याने 1927 साली ह्याच्याही पुढे जाऊन माणूस हा नेहमी स्वतःच्या पुढे धावणारा प्राणी आहे, आणि त्या धावेची कड मृत्यू ही आहे, असे सांगितले. हायडेगरच्या गहन भाषेत शिरण्याचे आज कारण नाही. कारण मला जो मुद्दा मांडायचा आहे तो नेमका त्या कडेच्या पलीकडचा आहे.

आपल्या अपेक्षा मृत्यूपाशी थांबतात काय? थांबाव्यात, असे शुद्ध हिशेब सांगेल. व्यवहार तसे सांगत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले ते 1919 साली. त्याचा मुहूर्त केला तो ऐंशी वर्षांचा टप्पा ओलांडलेल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी. काम केव्हा पुरे होईल ह्याविषयी कोणाची काही समजूत असो, ते आपल्या डोळ्यांदेखत पुरे होणार नाही हे त्या वयाच्या माणसाला कळत नव्हते असे कोण म्हणेल? 1925 मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी प्रमुख संपादकत्व स्वीकारले. निरनिराळ्या लिपींतल्या पोथ्या घ्यायच्या, श्लोकामागून श्लोक त्यांचे पाठ ताडून पाहायचे, त्यांची वंशावळ लावायची आणि कोणता पाठ मुळाच्या जवळचा ते ठरवायचे, असे हे काम. सुखटणकरांच्या संपादनाखाली आदिपर्व 1933 साली पुरे झाले, आरण्यकपर्व 1942 साली. जानेवारी 1943 मध्ये ते गेले. मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चालू असलेल्या त्यांच्या व्याख्यानांपैकी शेवटचे द्यायचे राहून गेले. पुढे डॉ. बेलवलकर आले, डॉ. वैद्य आले, आणि 1966 च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन् ह्यांच्या उपस्थितीत कार्यसमाप्ती झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली आणि एकूण 1259 हस्तलिखिते धुंडाळली गेली.

आता एक कल्पना करून पाहू. ती माझी नव्हे, सॅम्युएल शेफ्लर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाची आहे. त्याचा 'डेथ अँड द आफ्टरलाइफ' हा ग्रंथ 2013 साली प्रसिद्ध झाला. समजा, आपण आपले पुरे आयुष्य जगून शांतपणे मरणार आहोत. पण आपल्या मृत्यूनंतर बरोबर तीस दिवसांनी एक उल्काखंड आदळून सारी पृथ्वी नष्ट होणार, हे आपल्याला आजच पक्के ठाऊक आहे. आपल्या स्वतःच्या आयुष्यातला एक दिवसही ह्याने कमी होत नाही. मग फरक पडावयाचे कारण काय? तरी सुखटणकरांच्या मेजावर हे वर्तमान नेऊन ठेवा. पुढचा पाठभेद ते त्याच उत्साहाने टिपून घेतील काय? कर्करोगावर संशोधन करणारी डॉक्टरीण, पूल बांधणारा अभियंता, ग्रंथालयासाठी देणग्या गोळा करणारा कार्यकर्ता, ह्यांचे हात चालतील काय? शेफ्लरचे म्हणणे, चालणार नाहीत. आणि माझ्याही मते ते बहुतांशी खरे आहे.

कोणी म्हणेल, हा आप्तेष्टांच्या मरणाचा शोक आहे, त्यात भविष्याचा काय संबंध? म्हणून शेफ्लर दुसरी कल्पना पुढे करतो. पी. डी. जेम्स ह्या इंग्रज लेखिकेच्या 1992 सालच्या कादंबरीत सारी मनुष्यजात वंध्य झालेली आहे. कोणाला अकाली मरण नाही, उल्का नाही, आग नाही. आहेत ती माणसे आपापल्या वेळी मरणार, एवढेच; फक्त नवे मूल जन्माला येत नाही. तरीही त्या जगावर एक मरगळ पसरली आहे. येथे कोडे फार तीव्र होते. आज पृथ्वीवर असलेला प्रत्येक माणूस, आपण आणि आपले सर्व आप्त धरून, सव्वाशे-दीडशे वर्षांत मेलेला असणार, हे आपल्याला पक्के माहीत आहे; आणि त्या माहितीने कोणाची झोप उडत नाही. पण ज्यांचे नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, अशा परक्यांचा जन्म होणार नाही असे कळले तर आपल्या हातातले काम गळून पडते. स्वार्थी म्हणून ज्या प्राण्याची एवढी ख्याती, त्याच्या स्वार्थाच्या तळाशी हे अनोळखी लोक जाऊन बसलेले आहेत.

ह्याला एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो फ्रँक रॅम्सी ह्या केंब्रिजच्या अलौकिक तरुणाने शेफ्लरच्या पुष्कळ आधी घेऊन ठेवलेला आहे. 1925 साली मित्रमंडळींपुढे केलेल्या एका भाषणात तो म्हणाला की, काळाच्या ओघात जग थंड होऊन सारे मरेल खरे. पण पुढे शून्य आहे म्हणून आजच्या आनंदाची किंमत कमी होत नाही. शिवाय तो शेवट इतका दूर आहे की आजच्या भावाने त्याला चक्रवाढीचा वटाव लावला तर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. ही वटावाची भाषा जरा समजून घेऊ. दसादशे पाच दराने शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत भरते सुमारे शहात्तर पैसे. पैशाच्या बाबतीत ह्यात गैर काही नाही. शहात्तर पैसे आज त्या दराने गुंतवले तर तेव्हा शंभर रुपये होतील. पण पैशाच्या जागी माणसाचे सुखदुःख ठेवून, केवळ ते उशिरा येणार म्हणून त्याची किंमत कापायची काय? तीन वर्षांनी, 1928 साली, काटकसरीच्या गणितावर लिहिलेल्या निबंधात ह्याच रॅम्सीने असा वटाव नीतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही, तो कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतो, असे स्पष्ट म्हटले. वय वर्षे पंचवीस. 1930 च्या जानेवारीत, सव्विसाव्या वर्षी, तो वारला.

रॅम्सीच्या ह्या दोन वाक्यांतला झगडा आजतागायत मिटलेला नाही. हवामानबदलाविषयी निकोलस स्टर्न ह्यांनी ब्रिटिश सरकारला 2006 साली दिलेल्या अहवालात निव्वळ काळापोटी धरलेला वटाव होता दरसाल एक दशांश टक्का. तोही मनुष्यजात कदाचित टिकणारच नाही, एवढ्या शंकेपोटी. त्याच सुमारास येल विद्यापीठातले विल्यम नॉर्डहाउस ह्यांनी तो दीड टक्का धरला. आकडे किरकोळ वाटतात. पण शंभर वर्षांनंतरच्या माणसाचे शंभर भार दुःख स्टर्नच्या तराजूत आज नव्वद भरते आणि नॉर्डहाउसच्या तराजूत साडेबावीस. आज कोळसा जाळणे किती कमी करावे, ह्यासंबंधी दोघांच्या सल्ल्यांत जे अंतर पडले त्याचा मोठा भाग ह्या एका दरात आहे. हा दर कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो अर्थशास्त्राच्या कोष्टकात एका लहानशा अक्षराचे रूप घेऊन बसलेला असतो, म्हणून सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटतो.

रॅम्सीच्या पहिल्या वाक्याला मी अर्धा होकार देतो. आजचा आनंद आज पुरा होतो, अशा गोष्टी आहेत. पहाटेचा वारा, मित्रांच्या गप्पा, ऊनऊन भाकरी, ह्यांना पुढच्या शतकाची हमी लागत नाही. पण जी कामे स्वभावतःच अपुरी असतात, ज्यांची सम आपल्या आयुष्याच्या बाहेर पडते, त्यांची गोष्ट निराळी. पाठभेदांचे टिपण हे आवर्तनातल्या मधल्या स्वरासारखे आहे. समच नाही असे ठरले, तर तो स्वर बेसूर होत नाही, पण निराधार होतो. आणि नागर जीवनातली किती कामे ह्या प्रकारची आहेत, हे मोजू गेले म्हणजे रॅम्सीची निश्चिंती टिकत नाही.

पुढच्या पिढ्यांचे हित आपल्या हाती आहे, म्हणून त्यांच्यासाठी आपण त्याग करावा, असा उपदेश आपण नेहमी ऐकतो. त्यात दात्याचा थोडा तोरा असतो. वरच्या विवेचनातून नाते उलटे दिसते. ते आपल्यावर अवलंबून आहेत ते त्यांच्या पाण्यासाठी, हवेसाठी. आपण त्यांच्यावर अवलंबून आहोत ते आपल्या कामाच्या अर्थासाठी. ते येणार आहेत ह्या भरवशावर आपली शाळा, आपले न्यायालय, आपले विश्वकोश उभे आहेत.

येथे डेरेक पार्फिटने 1984 साली काढलेला एक पेच आडवा येतो. पुढे कोण जन्माला येणार, हेच आपल्या निर्णयांवर अवलंबून असते. रेल्वे आणि मोटार निघालीच नसती तरीही मी जन्मलोच असतो, असे आपल्यापैकी किती जणांना म्हणता येईल, असे तो विचारतो. 1863 साली भोरघाटातून गाडी धावू लागली नसती, तर मुंबईकडची किती स्थळे पुण्याला आली असती आणि सभागृहातल्या किती खुर्च्यांवर दुसरीच माणसे बसली असती, ह्याचा प्रत्येकाने आपल्या घरापुरता विचार करावा. मग आपण जमिनीखालचे पाणी उपसून संपवले, तर शंभर वर्षांनंतरचा माणूस आपल्यावर फिर्याद कशी करणार? आपण वेगळे वागलो असतो तर तो जन्मलाच नसता, दुसरा कोणी जन्मला असता. तर्क निर्दोष आहे आणि निष्कर्ष कोणालाच पचत नाही. पार्फिटलाही तो पचला नाही, आणि समाधानकारक उत्तरही सापडले नाही.

आपल्या जुन्या ऋणकल्पनेत ह्या पेचाची धार पुष्कळ बोथट होते, असे मला वाटते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्मतो, असे वैदिक ग्रंथ सांगतात. त्यातल्या शेवटच्या दोहोंची परतफेड कशी विलक्षण आहे पाहा. ऋषींचे ऋण अध्ययन करून आणि ते पुढे चालवून फेडावयाचे, पितरांचे संतती वाढवून. म्हणजे घेतले मागच्यांकडून आणि द्यावयाचे पुढच्यांना. संततीचा जो अर्थ त्या काळी घेतला तोच आज घ्यावा असे मी म्हणत नाही. जिला मूल नाही अशा व्यक्तीनेही हे ऋण शंभर वाटांनी फेडलेले आपण पाहतो. मुद्दा असा की, ह्या व्यवहारात घेणारा कोण ते आधी ठरलेले असावे लागत नाही. फिर्याद करण्यासाठी माणसाला नाव लागते. वारसा घेण्यासाठी लागत नाही. पाणी, माती आणि पोथी ही ज्याच्या हाती पडतील तो वारस. तो हा की तो, ह्याने आपल्या देण्यात काही फरक पडत नाही.

महाभारताचे काम निदान पुरे झाले. त्याच पुणे शहरात डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी 1948 साली संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाची योजना आखली. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवण्यातच पंचवीस वर्षे गेली. चिठ्ठ्या झाल्या एक कोटीच्या घरात. पहिला खंड निघाला 1976 साली. त्यानंतर निघालेले कित्येक खंड 'अ' ह्या एकाच अक्षराचे आहेत. त्या फडताळांत 'ह'च्या चिठ्ठ्याही आहेत. कोणीतरी तरुण पंडिताने सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या दुपारी ग्रंथ उघडून, शब्द, संदर्भ आणि अर्थ नीट अक्षरात उतरवून त्या जागच्या जागी लावून ठेवल्या. त्यांची पाळी अजून यावयाची आहे.